एकादशीच्या ताटातील अमेरिका

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा मला प्रथम आठवली ती एक रिकामी जागा. आठवीच्या प्रश्नपत्रिकेत मी ती कितीतरी वर्षे घातली : 'अमेरिकेचा शोध ........ याने लावला.' मुले 'कोलंबस' असे लिहीत, मी लाल शाईने अर्ध्या गुणाची खूण करी आणि तास पुढे वास्को-द-गामाकडे सरके. तो अर्धा गुण माझ्याकडून घेतलेले पुष्कळजण आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. काहींची मुले आज याच शाळेत आहेत, काहीजण स्वतःच अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. त्या एका ओळीत जे राहून गेले, ते निवृत्तीनंतर का होईना, त्यांच्यापुढे ठेवणे मला भाग आहे.

सांगायचे आहे ते मात्र काशीपासून सुरू होते. माझा जन्म तिथला. वडिलांची बदली इकडे झाली आणि मी पाचवीत या शाळेत दाखल झाले. त्याआधीचे सारे बालपण गंगेच्या काठी गेले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या घाटांच्या वरच्या गल्ल्यांतून मराठी घरांची जुनी वस्ती आहे. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, पणतू कमलाकरभट्ट आणि त्या कमलाकरांचे पुतणे गागाभट्ट, ज्यांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. अशा लोकांच्या शेजारात आपण वाढलो, याचा आमच्या आजीला मोठा अभिमान होता. शेजार तीन शतकांपूर्वीचा असला तरी.

आजी मला पैसे देऊन बटाटे आणायला पाठवी. गल्लीच्या तोंडाशी बसणारा भाजीवाला हटकून हसे आणि म्हणे, "बटाटा का होला, बिटिया? आलू कहा!" पेरूला तो अमरूद म्हणे, भुईमुगाच्या शेंगांना मूँगफली, सीताफळाला शरीफा. आपली नावे अस्सल आणि त्याची बाजारी, अशी माझी बालबुद्धीची ठाम समजूत होती. 'बटाटा' हा शब्द मूळचा आपलाही नाही आणि त्याचाही नाही, हे कळायला पुढे बरीच पुस्तके वाचावी लागली.

कार्तिकी एकादशीला आमच्याकडे पहाटे पंचगंगेवर स्नान होई, मग बिंदुमाधवाचे दर्शन आणि दुपारी उपवासाचे ताट. ते ताट वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे, कारण ते त्यांच्याही घरी असेच असते. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाट्याच्या फोडी, दाण्याचे कूट आणि हिरवी मिरची, लाल भोपळ्याचे भरीत, रताळ्याचा कीस, शेवटी राजगिऱ्याचा लाडू. आता यातील एकेक पदार्थ मूळ देशी परत पाठवू. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. मिरची, रताळे, लाल भोपळा अमेरिकेचे. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो टॅपिओका ब्राझीलकडचा. पूर्वीचा साबुदाणा मलायाकडील ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून होई आणि तिकडून आयात केला जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सेलम भागात टॅपिओकापासून तो करू लागले. राजगिराही अमेरिकेचा. ताटात उरते काय? तूप, जिरे, मीठ, दह्याची वाटी आणि आजीने बाजूला वाढलेली भगर. विश्वनाथाच्या नगरीतील सर्वांत पवित्र दिवशीचे, अन्नाचा कणही न शिवलेले आमचे ताट जवळजवळ सगळेच अटलांटिकपलीकडून आलेले होते.

ही गोष्ट गंमत म्हणून अनेकजण सांगतात आणि हसून विषय संपवतात. मीही वर्गात तसेच करीत असे. पण त्या वस्तूंमागची माणसे कोण होती, हा प्रश्न मी मुलांना विचारू दिला नाही, कारण तो मलाच पडला नव्हता.

कॅरिबियन बेटांवर ताइनो नावाचे लोक राहत. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ज्यांच्या किनाऱ्यावर उतरला, ते हेच. तो आपल्याकडच्या मिऱ्याच्या शोधात निघाला होता. वाटेत भलतीच भूमी लागली, तरी आपण आशियातच पोहोचलो या समजुतीने त्याने तिथल्या लोकांना 'इंडियन' म्हटले आणि त्यांच्या तिखट मिरचीला मिऱ्याचेच नाव दिले. 'बटाटा' हा शब्द या ताइनोंचा. त्यांच्या भाषेत तो रताळ्याचा वाचक होता. पोर्तुगीजांनी तो उचलला, आपल्या किनाऱ्यावर आणला आणि पुढे तो दुसऱ्याच कंदाला चिकटला. स्पॅनिश लोकांनी ताइनोंना सोने शोधण्याच्या आणि शेतीच्या कामाला जुंपले. उपासमार, मारहाण आणि शेवटी १५१८च्या सुमारास आलेली देवीची साथ. कोलंबसाच्या आगमनानंतर पन्नास-साठ वर्षांत ताइनो हा समाज म्हणून जवळजवळ नाहीसा झाला. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने हे डोळ्यांनी पाहिले आणि १५५२ साली छापून प्रसिद्ध केले, म्हणजे आपल्याच लोकांविरुद्ध साक्ष दिली. आम्ही मुले मात्र काशीच्या गल्लीत त्यांचा शब्द शुद्ध मराठी म्हणून मिरवत होतो. मराठीत असे आणखीही आहेत : काजू आणि अननस हे ब्राझीलमधील तुपी लोकांचे शब्द, टोमॅटो मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतील.

पण मला सर्वांत अस्वस्थ केले ते राजगिऱ्याने.

काशीत त्याला रामदाना म्हणतात. आमच्या लहानपणी फेरीवाले पाटीत रामदान्याचे लाडू घेऊन येत. पांढरेशुभ्र, हलके, दाताखाली चुरचुरणारे. रामाचे धान्य, आणि धान्य असूनही उपवासाला चालणारे. त्याचे मूळ मेक्सिकोत. तिथे त्याला हुआउत्ली म्हणत, आणि अझ्टेक राज्यात मक्याच्या बरोबरीने ते करभारात भरावे लागे. ज्या मांडलिक प्रांतांनी राजधानीला कोठारे भरभरून हुआउत्ली पाठवला, त्यांची चित्रमय यादी 'मेंडोझा कोडेक्स' या सोळाव्या शतकातील हस्तलिखितात आजही पाहायला मिळते. पण तो केवळ कराचा जिन्नस नव्हता. वर्षातील मोठ्या उत्सवात हुआउत्लीच्या पिठाची देवमूर्ती करीत, मिरवणूक काढीत, पूजा करीत आणि शेवटी ती मूर्ती मोडून तिचे तुकडे भक्तांत वाटीत. खाताना त्यांच्या मनात काय भाव असे, हे आपल्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. आपण त्याला प्रसाद म्हणतो. १५२९ साली मेक्सिकोत आलेल्या बेर्नार्दिनो दे साहागुन या धर्मगुरूने तिथल्या वृद्धांना विचारून हे सारे तपशीलवार लिहून ठेवले. ते लिहिण्यामागचा त्याचा हेतू मूर्तिपूजा ओळखून तिचे उच्चाटन करता यावे हा होता, हेही सांगितले पाहिजे. त्या धर्मात नरबळीही होता. तो झाकून ठेवून मला कोणाचे उदात्तीकरण करायचे नाही.

स्पॅनिश पाद्र्यांना त्या मूर्तिभक्षणात आपल्या पवित्र ख्रिस्तप्रसादाचे सैतानी विडंबन दिसले. उत्सव बंद पाडले, मूर्ती मोडल्या, आणि ज्या पिकाभोवती ही पूजा गुंफली होती ते पीक मागे हटत गेले. मका जगभर गेला. हुआउत्ली आपल्याच देशात डोंगरकपारीच्या शेतांपुरता उरला. आणि तोच समुद्र ओलांडून आल्यावर हिमालयाच्या उतारांवर आणि आपल्या शेतांत फोफावला, उपवासाच्या ताटात बसला, रामाच्या नावाचा झाला. ज्या धान्याचा देव मेक्सिकोत मोडला गेला, त्या धान्याला काशीत देव मिळाला. त्याच्या माणसांना मात्र कोणी असा आसरा दिला नाही.

त्या माणसांचे काय झाले, हे समजून घेण्यासाठी पुन्हा काशीच्याच एका घाटावर यावे लागते. दशाश्वमेधाला लागून शीतला घाट आहे. तिथल्या शीतला देवीच्या मंदिरात आजी मला नेई आणि थंड पाण्याचा शिडकावा करवी. लहानपणी त्या देवीची भीती वाटे. देवीचा रोग आपल्या देशात इतका जुना, की त्याची देवता झाली, तिला व्रते मिळाली, घाट मिळाला. होलवेल नावाच्या इंग्रज डॉक्टराने १७६७ साली लंडनमधील वैद्यांसाठी लिहिले, की काशी, प्रयाग, वृंदावन येथून ब्राह्मणांच्या टोळ्या दरवर्षी बंगालमध्ये येतात आणि लोकांच्या दंडावर देवीची लस टोचतात. म्हणजे जेन्नरच्या लसीच्या तीस वर्षे आधी. रोगाने आपल्याकडे असंख्य मुले नेली. पण जी वाचली त्यांच्या अंगात प्रतिकार होता, आणि जुन्या जगातील बहुतेक समाज या रोगाशी शतकानुशतके झुंजत आले होते.

अमेरिकेत हा रोग नव्हता. १५२० साली तो स्पॅनिश जहाजातून मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि काही महिन्यांत राजधानी तेनोच्तित्लानमध्ये शिरला. नवा सम्राट क्विट्लाहुआक गादीवर येऊन तीन महिने होतात न होतात तोच त्याला बळी पडला. घरोघर सगळेच एकदम अंथरुणाला खिळले, त्यामुळे पाणी द्यायलाही कोणी उठेना. पुष्कळ माणसे रोगाने नव्हे, भुकेने मेली. १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडले. कोर्तेसच्या शौर्याच्या कथा आपण वाचतो, पण त्याच्या बाजूने हा अदृश्य सेनापती लढत होता आणि अझ्टेकांवर रागावलेल्या त्लाश्काला राज्याचे हजारो योद्धेही लढत होते. पुढे गोवर आला, आणखी साथी आल्या. शंभर वर्षांच्या आत अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी दहांतील नऊ नाहीसे झाले, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे.

सारा दोष रोगजंतूंवर ढकलून मोकळे होण्याची एक नवी रीत अलीकडे दिसते. ती मला पटत नाही. साथ ओसरल्यावर माणसे पुन्हा वाढतात, घरे पुन्हा बांधली जातात. आपल्याकडे प्रत्येक साथीनंतर तसेच झाले. तिथे साथीनंतर वेठबिगार येई. पेरूच्या राज्यातील पोतोसी येथे १५४५ साली चांदीचा डोंगर सापडला. १५७३पासून आसपासच्या प्रांतांतून दरवर्षी सुमारे १३,००० पुरुष त्या खाणीत सक्तीने पाठवले जात. ते गेले की शेते पडीक राहत, आणि परत येतील याची खात्री नसे. त्या चांदीचा एक प्रवाह युरोपातून सुरतेला येऊन मोगल टांकसाळीत रुपया होई. आपल्या देशात चांदीच्या खाणी नावालाच. बनारसी शालूची जर वर्षानुवर्षे कोणत्या चांदीची ओढली गेली, हा विचार लग्नसराईत कोणाला सुचावा अशी अपेक्षा नाही.

युरोपीय सत्तेचा वरवंटा आपल्या माणसांवरही फिरला, तेव्हा या कथेत आपण केवळ प्रेक्षक नाही. १५०० साली भारताकडे निघालेला काब्राल आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि मग कालिकतला आला. म्हणजे ब्राझील आणि आपला पश्चिम किनारा पहिल्यापासून एकाच पोर्तुगीज जलमार्गाची दोन टोके झाले. १५१० साली गोवा पडले. ज्या जहाजांतून मिरची, काजू, अननस उतरले, त्याच जहाजांतून धर्मगुरू आणि पुढे १५६० साली इन्क्विझिशन उतरले. गोव्यात देवळे पाडली गेली. १७३६च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने घरात तुळस लावायलाही बंदी केली. मेक्सिकोत हुआउत्ली, गोव्यात तुळस. सत्ता रोपट्यालाही घाबरते, हे दोन्हीकडे सारखेच.

तरीही फरक मोठा होता. कुशस्थळीचा मंगेश भक्तांनी रातोरात खाडी ओलांडून प्रियोळला नेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कारण पलीकडची भूमी पोर्तुगीजांची नव्हती. ज्यांना त्याही पलीकडे जायचे होते त्यांच्यासाठी कारवार होते, मंगळूर होते. पैठणचे रामेश्वरभट्ट तर आपल्या इच्छेने, संकटाविना, सारा देश ओलांडून काशीला पोहोचले आणि तिथेही त्यांना आपलीच भाषा बोलणारी माणसे आणि आपलीच शास्त्रे सापडली. तेनोच्तित्लानच्या पुजाऱ्याला आपला देव घेऊन कुठे जाता आले असते? नदीपलीकडेही स्पेनच होता. वर्गात शिकवताना मी 'साम्राज्याचा विस्तार' असा शब्द वापरीत असे. त्याचा अर्थ पळून जायलाही जागा न उरणे असा होतो, हे मला फार उशिरा उमगले.

गोव्याला उतरलेल्या या वस्तू काशीला पोहोचल्या त्या दख्खनच्या वाटेने. तंबाखूची हकीकत तर लिखित आहे. अकबराचा वकील असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरहून परत निघाला तेव्हा त्याने तिथली तंबाखू आणि एक सुशोभित हुक्का बादशहाला नजर केला. दरबारी हकीमांत वाद झाला; बादशहाने दोन झुरके घेतले. तेरा वर्षांनी जहांगीराने बंदी घातली. बंदीचे काय झाले, हे आजच्या बनारसी पानाच्या टपरीवर पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते. मिरचीला असा वकील लागला नाही. ती यात्रेकरूंच्या शिदोरीतून, सैनिकांच्या थैलीतून, बैलांच्या तांड्यांवरून चालत गेली असावी.

आणि शास्त्राने तिला अडवले नाही. कमलाकरभट्टांनी 'निर्णयसिंधु' हा ग्रंथ १६१२ साली काशीतच पूर्ण केला. व्रते, एकादशी, श्राद्ध यांचा निर्णय करताना आजही तो उघडला जातो. तेव्हा मिरची गोव्यात रुळून गेलेली होती. पण जुन्या वचनांत ज्याचे नाव नाही, त्याचा निषेध तरी कसा सापडणार? उपवासाला धान्य वर्ज्य. बटाटा, रताळे, भुईमूग, टॅपिओका हे त्या धान्यांत मोडत नाहीत. अशा मोकळ्या जागेतून ती सारी मंडळी आत आली असावीत असा माझा तर्क आहे. श्राद्धाच्या स्वयंपाकात मात्र आजी मिरची चालू देत नसे, मिरेच वाटी. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादातही बटाटा, टोमॅटो, मिरची अजून शिरलेली नाही. देवापेक्षा पितर जुन्या आठवणीचे असतात, असे आजी म्हणे.

एक देवघेव उलट दिशेनेही झाली आणि ती सांगितल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. उसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या आपल्या देशाची. 'शर्करा' हा शब्दच जगभर फिरला. १४९३च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने उसाची बेणी कॅरिबियन बेटांवर नेली. ताइनो संपत आले होते, उसाच्या मळ्यांना तर माणसे हवी होती. मग आफ्रिकेतून माणसे आणली. पुढील साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी स्त्री-पुरुषांना साखळदंडांत जहाजांवर चढवले गेले, त्यांतील फार मोठा भाग साखरेसाठी. आपल्या गोडव्याची ही वाट आपल्याला ठाऊक नव्हती. ठाऊक नसणे हा अपराध नव्हे, पण इतिहासाच्या शिक्षिकेला ती सबब चालत नाही.

गेल्या वर्षी एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. ती कामानिमित्त मेक्सिकोला जाऊन आली होती. माझ्या त्या अर्ध्या गुणाच्या प्रश्नाची तिला आठवण होती. तिने कागदात गुंडाळलेली एक वडी हातावर ठेवली. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला तुल्येहुआल्को नावाची वस्ती आहे. तिथे हुआउत्लीची शेती टिकून राहिली आणि त्याच्या लाह्यांची ही वडी आजही करतात. तिला ते 'अलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. त्याच आठवड्यात काशीहून चुलत भावाने रामदान्याचे लाडू धाडले होते. दोन्ही एका ताटलीत ठेवून मी धाकट्या नातीला कोणते कुठले ते ओळखायला सांगितले. तिने दोन्ही संपवले आणि सांगता येत नाही म्हणाली. मी चाखून पाहिले. मेक्सिकोच्या वडीत भोपळ्याच्या बिया होत्या आणि ती बांधली होती उसाच्या गुळाने.